दोन थळांची गोष्ट : घाटातला लोहमार्ग आणि खांदेरीचा दिवा

१/
महाराष्ट्राच्या नकाशावर थळ हे नाव दोनदा भेटते. एक थळ अलिबागच्या उत्तरेस, समुद्रकाठी. तेथील वाळूत उभे राहिले की समोर उंदेरी आणि तिच्या पलीकडे खांदेरी अशी दोन बेटे दिसतात. दुसरा म्हणजे थळ घाट, ज्याला आज बहुतेक जण कसारा घाट म्हणून ओळखतात. शहापूर तालुक्यातले उंबरमाळी हे लहानसे स्थानक या घाटाच्या अलीकडे, खर्डी आणि कसारा यांच्यामध्ये आहे. येथे समुद्र दिसत नाही, खाऱ्या वाऱ्याचाही मागमूस नाही.

थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीला पोहोचली १८६५ मध्ये. खांदेरीच्या खडकावर दीपस्तंभाचा दिवा लागला १८६७ मध्ये. नावांचे जुळणे हा केवळ योगायोग आहे. सनांचे जुळणे तसे नाही. आजचा धागा या दुसऱ्या जुळण्याविषयी आणि एका छोट्या दीपस्तंभाला भेट देण्याविषयी.

२/
दीपस्तंभ पाहायला जाणे हा जगातल्या पुष्कळ शहरांत रविवारच्या फेरफटक्याचा भाग असतो. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीच्या काठी, फोर्ट वॉशिंग्टन उद्यानात, जेमतेम चाळीस फूट उंचीचा एक लाल दीपस्तंभ आहे. १९२१ मध्ये तो तेथे आणून उभा केला. १९३१ मध्ये त्याच्या अगदी डोक्यावर जॉर्ज वॉशिंग्टन पूल झाला आणि पुलाच्या झगमगाटापुढे त्याच्या दिव्याला काम उरले नाही. १९४८ मध्ये तो विझवला गेला. तो मोडीत निघायचा होता. पण १९४२ मध्ये त्याच्यावर लहान मुलांसाठी एक पुस्तक निघालेले होते, आणि ते वाचून मोठ्या होत असलेल्या मुलांनी पत्रांचा असा पाऊस पाडला की स्तंभ वाचला. १९५१ मध्ये तो शहराच्या उद्यान खात्याकडे आला.

मुंबईला असे सोपे दर्शन नाही. तिचे जुने दीपस्तंभ उद्यानात नाहीत, पाण्यात आहेत. कुलाब्याच्या टोकापुढचा प्राँग्ज दीपस्तंभ ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर आहे आणि वाट नौदलाच्या वसाहतीकडून जाते. म्हणून सामान्य माणसाने पाहावा असा दीपस्तंभ म्हणजे खांदेरीचा. त्यासाठी होडीत बसावे लागते, आणि उतरल्यावर आपण एका किल्ल्यात असतो.

३/
आधी बंदराचे तोंड समजून घेऊ, कारण त्यावाचून पुढचे काहीच उलगडणार नाही.

मुंबई बंदर नैऋत्येकडे उघडते. अरबी समुद्रातून येणाऱ्या जहाजाच्या डाव्या हाताला कुलाब्याचे टोक येते. ते टोक जेथे संपल्यासारखे वाटते तेथे ते खरोखर संपत नाही. पाण्याखाली खडकांची रांग समुद्रात दूरवर गेलेली आहे. हाच प्राँग्ज रीफ. उजव्या हाताला अलिबाग-थळचा किनारा, त्यालगतचे खडक, मग उंदेरी आणि खांदेरी. या दोहोंमधून खोल पाण्याची वाट आत जाते. दिवसा हवा स्वच्छ असेल तर तांडेल डोंगर पाहून नौका आणतो. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका तर इतका उपयोगी होता की इंग्रज दर्यावर्दी त्याला ‘फनेल हिल’ म्हणत. गिरिदुर्ग म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो तो खलाशांच्या लेखी समुद्रातून दिसणारी एक खूण होता.

रात्री मात्र डोंगर दिसत नाहीत. आषाढात दिवसाही दिसत नाहीत.

४/
खांदेरीचे मोल हे असे आहे: हा खडक ज्याच्या ताब्यात, त्याला मुंबईत कोण येते आणि कोण जाते हे बसल्या जागी कळते. बेट मुंबईच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर आणि थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत.

शिवाजी महाराजांनी हे नेमके हेरले होते. त्यांच्या आरमाराचा आरंभ आजच्या ठाणे जिल्ह्याच्या मुलखातच झाला, हे येथील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी त्यांच्या ताब्यात आली आणि पाठोपाठ १६५८ च्या आरंभी शहापूरजवळचा माहुली किल्ला आला. हाच तो माहुली, जेथे १६३६ मध्ये शहाजीराजांना निजामशाहीच्या अखेरच्या वारसासह शरण जावे लागले होते. कल्याणची खाडी हाती आल्यावर तेथेच गलबते बांधण्यास प्रारंभ झाला. डोंगर, जंगल, खाडी आणि समुद्र ही एकाच साखळीची कडी आहेत. शाळेच्या पुस्तकात मात्र ती वेगवेगळ्या धड्यांत येतात.

५/
१६७९ चा पावसाळा ओसरत असताना मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली माणसे आणि चार लहान तोफा घेऊन मराठे खांदेरीवर उतरले आणि तटबंदीचे काम सुरू झाले. मुंबईतील इंग्रजांनी हरकत घेतली: बेट आमच्या बंदराचे आहे, रिकामे करा. मायनाक भंडारींचे उत्तर सरळ होते, की राजांच्या आज्ञेवाचून हलणार नाही.

सप्टेंबरात इंग्रजांनी नौका पाठवून वेढा घातला. बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आधिपत्याखाली मराठी आरमार चालून आले. इंग्रजांची ‘डोव्ह’ ही गुराब मराठ्यांनी पकडली. ‘रिव्हेंज’ या मोठ्या लढाऊ जहाजावर मिंचिन आणि केग्विन होते, त्यांनी तोफांच्या जोरावर मैदान राखले. (हा रिचर्ड केग्विन पुढे १६८३ मध्ये मुंबईत खुद्द कंपनीविरुद्धच बंड करून बसला. त्याच्यावर स्वतंत्र धागा होईल.)

६/
त्या दिवसाच्या लढाईत कोण जिंकले यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे. खांदेरीचा निकाल त्या दिवशी लागला नाही. तो अनेक रात्रींत लागला.

इंग्रजांची जहाजे मोठी, खोल बुडाची आणि वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या नौका लहान, उथळ आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की इंग्रज जागच्या जागी खिळत. अंधार पडला की किनाऱ्यावरून निघालेल्या नौका धान्य, पाणी, दारूगोळा आणि माणसे घेऊन त्यांच्या नाकासमोरून खांदेरीला लागत आणि पहाटेपूर्वी परतत. वेढा होता, पण त्याला रात्रीपुरते भोक होते. इंग्रजांनी सिद्दी कासीमला जोडीला घेतले, तरी काम थांबले नाही. सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये शेजारच्या उंदेरीवर आपली तटबंदी उभारली आणि त्यानंतर त्या दोन बेटांमध्ये तोफांचे संभाषण दीर्घकाळ चालले. इंग्रजांनी त्याच वर्षाच्या आरंभी खांदेरीपुरती तडजोड करून आपली जहाजे काढून घेतली.

अंधार हा खांदेरीचा पहिला बुरूज होता. हे वाक्य ध्यानात ठेवा. १८६७ ला पोहोचल्यावर ते पुन्हा लागेल.

७/
पुढचे शतक आंग्र्यांचे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात खांदेरी ही मुंबईच्या उंबरठ्यावरची चौकी झाली. त्यांचे दस्तक घेतल्याशिवाय या किनाऱ्यावर व्यापारी नौका निर्धास्त फिरू शकत नसे. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर मोहीम काढली आणि ती फसली. दर्यावर आपला हक्क आहे आणि त्याचा कर आपण घेणार, असे कान्होजी म्हणत. इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत. शतकानंतर इंग्रजही त्याच समुद्रात परवाने आणि शुल्के घेऊ लागले, तेव्हा मात्र तो कायदा झाला.

१८१८ मध्ये पेशवाईबरोबर खांदेरी इंग्रजांकडे गेली. उंदेरी त्यांच्या हाती आली १८४० मध्ये, कुलाब्याचे आंग्रे संस्थान खालसा झाल्यावर. आता बंदराच्या तोंडाशी शत्रू उरला नव्हता. उरले होते खडक.

८/
इंग्रजांची सत्ता १८१८ मध्ये पक्की झाली आणि खांदेरीवर दीपस्तंभ १८६७ मध्ये झाला. मधली जवळजवळ पन्नास वर्षे तेथे दीपस्तंभाची निकड का भासली नाही?

याचे एक कारण शिडाच्या जहाजांचे वेळापत्रक. शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीने येते. ते संध्याकाळी बंदराच्या तोंडाशी पोहोचले तर कप्तान शहाणपणाने रात्रभर बाहेर खोल पाण्यात थांबे आणि उजाडल्यावर आत शिरे. महिन्यांच्या प्रवासात एका रात्रीचे काय? कुलाब्यावर अठराव्या शतकातला एक जुना दीपस्तंभ होताच. दुरून मुंबई आली एवढे सांगण्यास तो पुरेसा होता.

वाफेच्या जहाजाने हे गणित मोडले. बोट टपाल घेऊन येते, तिच्या येण्याचा दिवस ठरलेला असतो, कोळसा जळत असतो आणि उशिराचे पैसे पडतात. ती रात्री पोहोचली तर तिला रात्रीच आत यायचे असते. दिवा हवा होता तो अशा घाईत असलेल्या जहाजांसाठी.

९/
आता समुद्राकडे पाठ करून घाटाकडे वळू, कारण घाईचे दुसरे टोक तेथे आहे.

वऱ्हाड-खानदेशचा कापूस शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून घाट उतरत आला. तांडे आठवडेच्या आठवडे चालत. धूळ बसून कापूस मळे, अवकाळी पावसात भिजे, आणि पावसाळा लागला की वाट बंद. घाटावरचा माल आणि बंदरातली जहाजे यांची गाठ वर्षातल्या थोड्या महिन्यांपुरती पडे. हा प्रश्न दोन हजार वर्षे जुना आहे. मुरबाडकडून चढणारा नाणेघाट हे त्याचेच सातवाहनकालीन उत्तर: कल्याण बंदर आणि जुन्नर यांना जोडणारी खडकात खोदलेली वाट, माथ्यावर नागनिकेचा शिलालेख आणि शेजारी दगडी रांजण.

त्याच काळाच्या आसपासच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण आणि सोपारा यांची नावे येतात. भडोचविषयी त्यात असे लिहिले आहे की तेथील खाडीचे तोंड परक्या जहाजांना इतके धोक्याचे होते की राजाने स्थानिक कोळी होड्या घेऊन वाटाडे म्हणून नेमले होते. ते पुढे जाऊन जहाजांना ओढत आत आणत. वाटाड्याचे पद दीपस्तंभाहून कितीतरी जुने आहे आणि आजही मोठ्या जहाजावर बंदराचा वाटाड्या चढतोच.

१०/
एकोणिसाव्या शतकाचे उत्तर लोखंडाचे होते. बोरीबंदर ते ठाणे १६ एप्रिल १८५३. कल्याण १८५४. वाशिंद १८५५. मग डोंगर आडवे आले आणि गती मंदावली. आसनगाव १८६०. आसनगाव ते कसारा हा तुकडा १ जानेवारी १८६१ रोजी खुला झाला. उंबरमाळीच्या माळावरून आगगाडी धावू लागली ती तेव्हापासून. आणि बरोबर चार वर्षांनी, १ जानेवारी १८६५ रोजी, कसारा ते इगतपुरी.

चार वर्षे, आणि अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर! तेवढ्यात रूळ सुमारे ९७२ फूट चढतात. चढ काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट इतका आहे. बोगदे, दऱ्यांवरचे पूल, एहेगावचा तो उंच पूल. मजूर पटकीने मेले, दरडींनी मेले. मार्गाचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली १८६२ मध्ये वारला. त्याला घाटातून गाडी गेलेली पाहता आली नाही. त्याच्या नावाची निदान नोंद आहे. सुरुंग लावणारे आणि पाट्या वाहणारे हात कोणाचे, ही नावे कोणत्याही दगडावर नाहीत.

११/
घाटातली एक पद्धत येथे सांगण्याजोगी आहे. उतरणीला लागलेल्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती पुढच्या स्थानकात शिरून अनर्थ करील. म्हणून मार्गात एक चढती, आंधळी बाजूची लाईन ठेवलेली असते. काटे नेहमी तिच्याकडेच लावलेले असतात. उतरणारी गाडी तेथे येऊन थांबली, म्हणजे ब्रेक ठीक आहेत हे सिद्ध झाले, की मगच काटा मुख्य मार्गाकडे फिरतो. चढताना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लागतात, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. मागून ढकलताना बसणारा तो हलका धक्का अनुभवला नाही असा प्रवासी विरळा.

दीपस्तंभ आणि ही आंधळी लाईन एकाच प्रकारच्या विचारातून आलेली आहेत. वेग वाढला की चुकीची किंमत वाढते. शिडाचे जहाज किंवा बैलांचा तांडा चुकला तर तो पुन्हा वळू शकतो. वाफेवर चालणारे यंत्र चुकले तर वळायला वेळ मिळत नाही. म्हणून रस्त्यातच अगोदर इशारा पेरून ठेवावा लागतो.

१२/
आता सन नीट जुळवून पाहा.

१८६१ ते १८६५ अमेरिकेतले यादवी युद्ध. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बँका, कंपन्या, समुद्र बुजवण्याच्या योजना, शेअरांचा जुगार. या सुबत्तेच्या ऐन भरात थळ घाटाचे काम चालू होते. आणि घाट खुला झाला केव्हा? जानेवारी १८६५ मध्ये. एप्रिलमध्ये युद्ध संपले, उन्हाळा सरता सरता मुंबईचा बाजार कोसळला, अनेक धनाढ्य रस्त्यावर आले. ज्या लाटेसाठी घाई केली ती लाट ओसरताना लोहमार्ग हाती आला. इतिहास असे विनोद करतो.

पण मार्ग तयार होता, आणि मार्ग तयार असला की माल त्याला शोधत येतो. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोहोचले. त्याच वर्षी खांदेरीचा दिवा लागला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपहून येणाऱ्या बोटीला मुंबई हे हिंदुस्थानचे पहिले मोठे दार झाले. १८७० मध्ये जबलपूरला रूळ जुळले आणि मुंबई ते कलकत्ता गाडी जाऊ लागली. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट. १८७५ मध्ये ससून डॉक आणि प्राँग्जचा दीपस्तंभ.

१३/
याचा अर्थ काय? लंडनहून आलेली टपालाची थैली रात्री खांदेरीचा दिवा उजवीकडे ठेवून बंदरात शिरे, आणि मग कलकत्त्यासाठी आगगाडीत चढून शहापूर, खर्डी, उंबरमाळी, कसारा या वाटेने घाट चढे. उलट दिशेला अमरावतीचा कापूस हीच वाट उतरून त्याच दिव्यासमोरून बाहेर पडे. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीचा नायक मुंबईला बोटीतून उतरतो आणि त्याच रात्री कलकत्त्याची गाडी पकडतो. तो काल्पनिक असला तरी त्याची आगगाडी काल्पनिक नाही. १८७० ची जोडणी झाली नसती तर त्याचे ऐंशी दिवसांचे गणित मांडताच आले नसते.

म्हणून मी म्हणतो की खांदेरीचा दीपस्तंभ हे केवळ समुद्राचे स्मारक नाही. तो जितका कोळ्या-खलाशांचा, तितकाच घाटमार्गाचा आहे. जंगलातून, माळावरून जे आणले गेले त्याच्यासाठी तो लावला गेला. आणि हेही तितकेच खरे, की त्या मालाचा नफा या माळावर थांबला नाही. गाडीसारखाच तो येथून पुढे निघून गेला.

१४/
आता थोडे दिव्याविषयी, कारण तरुण मित्र हा प्रश्न हमखास विचारतात: साध्या तेलाच्या दिव्याचा उजेड इतक्या दूर जातो कसा?

उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग उंचीचा. पृथ्वी गोल आहे, म्हणून दिवा कितीही तेजस्वी असला तरी क्षितिजाआड गेला की दिसत नाही. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे ३.५७ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. प्राँग्जचा स्तंभ सुमारे १४६ फूट, म्हणजे साडेचव्वेचाळीस मीटर. वर्गमूळ ६.६७, क्षितिज जवळपास चोवीस किलोमीटर. पाहणारा खलाशी स्वतः नऊ मीटर उंचीवर उभा असेल तर त्याच्या बाजूचे आणखी पावणेअकरा किलोमीटर मिळवा. चौतीस-पस्तीस किलोमीटरवरून दिवा डोळ्यांच्या रेषेत येतो. किल्ल्यांची जागा निवडणाऱ्यांनी हे सूत्र मांडले नसेल, पण ते जगत होते. तोफेला जी उंची आणि जो मोकळा परिसर लागतो तोच दिव्याला लागतो. गोव्यात आग्वाद किल्ल्यात १८६४ मध्ये पोर्तुगीजांनी उभारलेला दीपस्तंभ हे याचे आणखी एक उदाहरण. इंग्रजांनी खांदेरीची जागा नव्याने शोधली नाही. शिवाजी महाराजांनी निवडलेली जागा त्यांना चपखल बसली.

१५/
दुसरा भाग भिंगाचा. दिवा सर्व दिशांना प्रकाश सांडतो. आकाशाकडे गेलेला आणि पायाशी पडलेला प्रकाश खलाशाला निरुपयोगी. ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने काचेच्या वलयांचे असे भिंग रचले की तो वाया जाणारा प्रकाश वळून क्षितिजाच्या पातळीत एकत्र यावा. मधली वलये प्रकाश वाकवतात, वरची आणि खालची लोलके तो परावर्तित करून पुढे धाडतात. अखंड जाड काचेचे भिंग मणामणाचे झाले असते. वलयांमुळे ते हलके झाले. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कॉर्दुआँच्या दीपस्तंभात ते प्रथम बसले आणि पुढच्या पन्नास वर्षांत जगभर गेले.

भिंग फिरते ठेवले की दुरून उघडझाप दिसते. प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप वेगळी ठेवतात, म्हणजे खलाशी ठोके मोजून दिव्याचे नाव ओळखतो. भिंग फिरवायला जुन्या काळी घड्याळासारखे यंत्र असे, साखळीला टांगलेले वजन हळूहळू खाली उतरे आणि भिंग फिरे. वजन तळाला टेकण्यापूर्वी कोणीतरी ते पुन्हा वर ओढून घ्यायचे. रात्रभर. वात कातरायची, काच पुसायची, तेल भरायचे. आषाढ-श्रावणात होडी बेटाला लागणे कठीण, म्हणून शिधा आधीच भरून ठेवायचा. दीपस्तंभावरच्या नोकरीचे पुस्तकी वर्णन मोठे रम्य असते. प्रत्यक्षात ते जागरण होते.

१६/
आता सहाव्या भागातले ते वाक्य. अंधार हा खांदेरीचा पहिला बुरूज होता. १६७९ मध्ये या पाण्यातला काळोख मराठ्यांचा मित्र होता. जो स्थानिक, ज्याची नौका लहान, ज्याला खडक पाठ, त्याला रात्र साथ देई, आणि परक्याच्या मोठ्या जहाजाला ती अडवी. १८६७ मध्ये त्याच बेटाच्या माथ्यावर दिवा लागला आणि रात्रीचा पक्ष बदलला. ज्याला खडक पाठ नाहीत, जो हजारो मैलांवरून पहिल्यांदाच येतो आहे, त्यालाही आता वाट दिसू लागली. थळच्या कोळ्याला दिवा नसता तरी चालले असते. लिव्हरपूलच्या कप्तानाला चालले नसते.

दीपस्तंभाला आपण माणुसकीचे प्रतीक मानतो आणि ते खोटे नाही. त्या उजेडाने बुडण्यापासून वाचलेली माणसे सर्व जातींची, सर्व देशांची असतील. पण तो उजेड सत्तेचाही होता. कान्होजींचे दस्तक जे काम करी, ते काम पुढे दिव्याचे शुल्क करू लागले: या पाण्यातून जायचे तर इथल्या व्यवस्थेला पैसे द्या. १९२७ मध्ये हिंदुस्थानातील दीपस्तंभांचा कायदा झाला, बंदरात येणाऱ्या जहाजांकडून दिव्याचे शुल्क घेण्याची रीत त्यात बांधली गेली. २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

१७/
येथे गडप्रेमी मित्रांशी माझे एक भांडण आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली; त्यांत खांदेरी आहे. आनंद आहेच. पण खांदेरीची जी छायाचित्रे फिरतात त्यांपैकी पुष्कळांत दीपस्तंभ कापून टाकलेला दिसतो. जणू तो बुरुजावर उगवलेला मोबाइलचा मनोरा आहे! तटबंदी, चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या तोफा, वेताळाचे देऊळ, ठोकल्यावर धातूसारखा नाद देणारा दगड, हे सगळे चौकटीत. आणि दीडशे वर्षांहून जुना अष्टकोनी स्तंभ चौकटीबाहेर.

मला हे पटत नाही. बेटावरची तोफ आणि बेटावरचा दिवा एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत: या दारातून कोणी, कसे, कधी जावे हे कोण ठरवणार? एक उत्तर पुसून दुसरे नीट वाचता येत नाही. १९९८ मध्ये बेटाला आणि दीपस्तंभाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले गेले, तेव्हा ही दोन्ही उत्तरे एका नावाखाली आली. तो निर्णय मला छायाचित्रकारांपेक्षा अधिक शहाणा वाटतो.

१८/
हाच न्याय घाटाला लावा. माहुलीवर शनिवार-रविवारी गर्दी असते, आणि असावी. पण त्याच शहापूर तालुक्यातून १८६१ पासून धावणारा लोहमार्ग कोणी ‘पाहायला’ जात नाही, कारण तो अजून कामात आहे. चालू असलेली गोष्ट आपल्याला वारसा वाटत नाही. ती बंद पडावी लागते, तिच्यावर गवत उगवावे लागते. न्यूयॉर्कचा तो लाल दीपस्तंभ विझला तेव्हाच लोकांना दिसू लागला. खांदेरीचा दिवा अजून जळतो, थळ घाटातून अजून गाड्या चढतात. त्यांना पाहण्यासाठी त्यांच्या मृत्यूची वाट पाहण्याचे कारण नाही.

१९/
जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

कसारा मार्गावरून लोकलने मुंबई गाठावी. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला बोट मिळते, तेथून रस्त्याने थळ जवळ आहे. मांडव्याच्या बोटीत बसला असाल तर ध्यानात घ्या की बंदराच्या त्याच तोंडाकडे आपण निघालो आहोत, ज्याच्यासाठी एवढा इतिहास घडला. थळच्या किनाऱ्यावरून कोळी बांधवांच्या होड्या ठरवून खांदेरीला जाता येते. भरती-ओहोटी त्यांनाच विचारावी आणि ते सांगतील त्या वेळेलाच परत निघावे. पावसाळ्यात हा बेत काढूच नये.

बेटावर उतरल्यावर आधी वेताळाला जावे, कारण होडीवाल्या काकांची तीच रीत आहे. मग तटावरून एक फेरी मारावी. दीपस्तंभ हे चालू सरकारी ठाणे आहे. आत सोडतील की नाही हे तेथील कर्मचाऱ्यांच्या परवानगीवर. सोडले नाही तर वाद न घालता पायथ्याशी उभे राहावे. चौकोनी घरावर उभा असलेला आठ बाजूंचा स्तंभ तेथून उत्तम दिसतो. उत्तरेकडे तोंड केले की मुंबई. पूर्वेकडे थळ, आणि मध्ये उंदेरी, सिद्दीच्या तोफांची. १६७९ च्या हिवाळ्यात रात्री नौका ज्या पट्ट्यातून सुटत तो पट्टा हाच. त्यावर आज मासेमारीच्या होड्या असतात, आणि पलीकडे, खोल पाण्याच्या वाटेवर, कंटेनरांनी भरलेली जहाजे न्हावा-शेव्याकडे वळत असतात.